धोंड्याच्या महिन्यातली घंटा

माझं माहेर सणसरचं. कालव्याच्या अलीकडे आमचं घर आहे, स्लॅबचं, पुढे कट्टा आणि फाटकाजवळ एक सुटी खोली. मी शाळेत असताना आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ते उभं राहून बांधून घेतलं. त्या घराच्या बरोबर मधून आता एक भिंत गेली आहे. ती माझ्या दोन्ही भावांनी मिळून बांधली. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

मला राग लवकर येतो, असं दोघंही भावकीत सांगत असतात. राग मला उशिराच येतो. बोलणं तेवढं लवकर होतं, आणि आमच्याकडे बाईच्या बोलण्यालाच राग म्हणायची पद्धत आहे. यंदाच्या धोंड्यात मात्र खरोखरचा राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

मी बारामतीत नेटवर्कची कामं करते. दवाखाने, शाळा, एखादं शीतगृह. एकाच राउटरवर दोन-तीन वेगवेगळी नेटवर्कं करायची आणि कुणी कुणाकडे जायचं, कुणी जायचं नाही, याचे नियम लिहायचे, हे माझं रोजचं काम. दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना इंटरनेट मिळावं, पण त्यांच्या फोनवरून कुणी रिपोर्टच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचू नये, एवढं साधं असतं ते. राउटर हे नियम वरून खाली वाचतो. जो पहिला लागू पडेल, तो चालतो. आणि सगळ्यात खाली एक ओळ घालावी लागते: वर ज्याला वाट दिलेली नाही, त्याला बंद. ती शेवटची ओळ नसेल तर वरच्या ओळींना काही अर्थ राहत नाही, हे मी शिकाऊ पोरापोरींना कितीतरी वेळा सांगितलं आहे.

जमिनीची वाटणी झाली तेव्हा मला बोलावलं ते इंदापूरला सहीपुरतं. बहिणीनं हक्क सोडायचा असतो; आमच्या भावकीतल्या सगळ्या बहिणींनी सोडला, मीही सोडला. दादानं साडी घेतली, धाकट्यानं रसवंतीत नेऊन उसाचा रस पाजला. कुठल्या बांधापासून कुणाचं, घरात भिंत कुठून घालायची, आबांना कुणी सांभाळायचं, यातलं काहीही मला कुणी विचारलं नाही. पण दादाच्या नातवानं फोनवर कार्टून लावलं आणि ते भिंतीपलीकडे धाकट्याच्या टीव्हीवर सुरू झालं, तेव्हा मात्र दोघांचेही फोन मला आले, आणि तेही एकाच संध्याकाळी.

कार्टूनचं निमित्त होतं. खरं दुखणं कॅमेऱ्याचं होतं. धाकट्यानं गोठ्यावर कॅमेरा बसवला होता आणि तो दादाच्या फोनवर दिसत होता. दादा सकाळी कट्ट्यावर बसून सहज बोलल्यासारखं बोलायचा, "काल तुमच्याकडं गाय बघायला आलं हुतं कोण?" धाकट्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दुसरीकडे दादाला वाटायचं, धाकट्याची बायको आपल्या घरातलं बोलणं कुठल्यातरी यंत्रातून ऐकते. इंटरनेटची तार घराला एकच आली होती, वेगळी घ्यायला कुणी तयार नव्हतं, आणि राउटर दुसऱ्याच्या बाजूला ठेवायलाही कुणी तयार नव्हतं. शेवटी तो फाटकाजवळच्या सुट्या खोलीत बसवला. ती खोली वाटणीत सामाईक राहिली होती. खताच्या गोण्या, इन्व्हर्टरची बॅटरी, एक मोडकी लोखंडी कॉट आणि वर फळीवर राउटर.

मी लॅपटॉप घेऊन त्या खोलीत बसले. दोघं भाऊ दोन बाजूंना उभे.

"तिकडचं हिकडं काय दिसाय नगं," दादा म्हणाला.

"आन हिकडचं तिकडं बी," धाकटा म्हणाला.

इतक्या वर्षांत दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. दोन नेटवर्कं केली. दादाकडून धाकट्याकडे बंद, धाकट्याकडून दादाकडे बंद, दोघांनाही इंटरनेट चालू. चहा दोन्ही घरांतून आला, दोन्ही कप मला प्यावे लागले, कारण एक ठेवला असता तर त्याचाही अर्थ निघाला असता.

आबा महिन्याच्या पाळीनं राहायचे. आई भिंतीच्या आधीच गेली, हे तिच्या दृष्टीनं बरं झालं. पाळीचा नियम आबांनीच घातला होता, आणि तोही मराठी महिन्यानं. अमावास्येला आमच्याकडे औत धरत नाहीत, सगळे घरी सापडतात. म्हणून त्या दिवशी बांधाबांध व्हायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आबांची पिशवी, काठी आणि रेडिओ भिंतीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायचा. चैत्र दादाचा, वैशाख धाकट्याचा, ज्येष्ठ पुन्हा दादाचा. आबा याच्यावर हसायचे. "कालव्याच्या पाण्यासारखी पाळी हाय माझी," म्हणायचे, "फक्त पाण्याला कुणी न्हाय म्हणत न्हाय." हसत म्हणायचे म्हणून आम्ही तिघंही हसायचो.

मग आबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, आणि बोलणं जवळजवळ गेलं. शब्द यायचा, पण आधी वाट बघावी लागायची, आणि आवाज इतका बारीक की शेजारी बसलं तरच कळायचं. सणसरच्या बाजाराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारणारा माणूस. त्याची हाक आता कॉटवरून दारापर्यंत पोचत नव्हती.

मी त्यांना घंटेचं बटण आणून दिलं. गळ्यात घालायचं, पांढरं, सुपारीएवढं. ते वाय-फायवर चालतं. दाबलं की स्वयंपाकघरातल्या डबीत मोठ्यानं वाजतं. अशा दोन डब्या आणल्या, दोन्ही घरांसाठी एकेक. आणि राउटरवर तिसरं नेटवर्क केलं, फक्त आबांचं. भिंतीच्या अलीकडे असोत की पलीकडे, बटण त्याच नेटवर्कवर राहील. मग नियमात दोन ओळी वर घातल्या: आबांकडून दादाकडे चालू, आबांकडून धाकट्याकडे चालू. खाली बाकी सगळं बंद.

दोघांनाही ते रुचलं नाही.

"पाळी त्याची असताना आमच्यात कशाला वाजायची?" दादा म्हणाला.

"मी सांभाळीन की माझ्या पाळीत," धाकटा म्हणाला. "मला काय त्यांची मदत लागती व्हय?"

मी म्हटलं, "ही मदत तुला नाही, आबांना आहे. एकाच्या घरात कुणी नसलं तर दुसऱ्याच्या घरात कळावं. शेजाऱ्यापाजाऱ्यालाही कळलं असतं, फक्त ते लांब आहेत."

थोरली वहिनी दारातून म्हणाली, "रातीअपराती उठून आमी काय भिंतीवरनं उड्या मारायच्या का?" तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. म्हणून मी तिला म्हटलं, "उड्या नको मारू, फोन कर पलीकडे. तेवढं तरी बोलता ना?" ती आत वळली. मी ते होकारात धरलं.

आबांना म्हटलं, दाबा. त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्यानं दाबलं. दोन्ही स्वयंपाकघरांत एकदम वाजलं. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी आवाज आला, आणि आबांच्या तोंडाची चालती बाजू हसली. त्यांनी पुन्हा दाबलं. मग पुन्हा. दोन्हीकडून दोघी सुना बाहेर आल्या, आणि त्यांना एकत्र आलेलं बघून आबा आणखी हसले. त्या दिवशी मी फार खुशीत बारामतीला परतले. घरी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, की आयुष्यभर एवढी कामं केली, पण एवढा उपयोगाचा नियम मी कधी लिहिला नव्हता.

तो नियम त्यांनी काही महिन्यांत काढून टाकला.

मला कळलं ते असंच, फोनवर, दुसऱ्याच कशाच्या तरी बोलण्यात. इंदापूरहून केबलवाला आला होता, त्याच्याकडून त्यांनी "नीट करून घेतलं". आता ज्याचा महिना, त्याच्याच घरात घंटा वाजते. कॅलेंडर बघून त्यानं वर्षभराच्या तारखा राउटरमध्ये भरून दिल्या आहेत. दादाला त्याचं कौतुक होतं. "तुझ्यापरीस बेस केलं त्यानं," तो म्हणाला. "पाळी बदलली की आपोआप बदलतंय."

मी म्हटलं, "मला विचारलं का नाही?"

"तू चिडतीस."

मी चिडले. त्यावर धाकट्यानं वेगळा फोन करून सांगितलं, की अक्का, राउटर आमचा हाय, तू उगा टेन्शन घेऊ नगंस. 'आमचा' हा शब्द सगळ्यात वाईट. राउटर आमचा, घर आमचं, बाप आमचा. तू सही करून गेलेली बाई आहेस, पाहुणी आहेस, चहा पी. पासवर्डही त्यांनी बदलून घेतला होता. बापाची घंटा शेजारच्या घरात ऐकू येऊ नये म्हणून कुणी पैसे देऊन माणूस बोलावला असेल, असं मला बाकी जगात कुठे आढळलेलं नाही.

मग धोंड्याचा महिना आला.

तीन वर्षांनी एकदा अधिक महिना येतो, त्याला आमच्याकडे धोंडा म्हणतात. त्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे करून घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं, नवे कपडे करायचे. यंदा तो ज्येष्ठाच्या आधी आला, अधिक ज्येष्ठ. वैशाख धाकट्याचा होता. वैशाखाची अमावास्या झाली आणि सकाळी पिशवी, काठी, रेडिओ कुठे न्यायचा, हे कुणाला कळेना. कळेना म्हणजे, ज्याला त्याला दुसऱ्याकडेच न्यायचा होता.

दादाचा मला फोन आला. "ज्येष्ठ माझा, मी कुठं न्हाय म्हणतोय? पण खरा ज्येष्ठ. हा जादाचा महिना हाय. ज्याच्या पाळीला चिकटून आला त्यानं धरायचा."

थोड्या वेळानं धाकट्याचा. "अक्का, पंचांगात नावच अधिक ज्येष्ठ हाय का न्हाय? ज्येष्ठ कुणाचा? मी माझा वैशाख पुरा केला."

दोघांचंही बरोबर होतं. वकिलासमोर नेलं असतं तर दोघंही जिंकले असते. मी दोघांनाही तेच सांगितलं, की तीन वर्षांनी येणारे तीस दिवस आहेत, निम्मे-निम्मे करा, नाहीतर मी घेऊन जाते. त्यावर दोघांचंही पुन्हा एकमत झालं. लेकीच्या घरी बाप ठेवायचा नाही, लोक तोंडात शेण घालतील.

पुढे काय ठरलं ते मला कुणी सांगितलं नाही. विचारलं की उत्तर यायचं, "आबा मजेत हायेत." आणि मजा अशी की दोघांनीही माझ्या नवऱ्याला धोंड्याचं आवतण दिलं. दुपारी दादाकडे, संध्याकाळी धाकट्याकडे, एकाच दिवशी, कारण एकानं आधीचा दिवस घेतला असता तर दुसरा मागे पडला असता. जावयाचे एवढे लाड गावात कुणाचे झाले नसतील. नवरा म्हणाला, "मला दोन पोटं नाहीत." तो शांत माणूस आहे, त्याच्या वाट्याचं मी बोलते.

आम्ही दुपारच्या आधी पोचलो. दादाच्या अंगणात मांडव घातल्यासारखी गडबड. पुरणाचा वास, नवीन टॉवेल-टोपी, तेहतीस अनारसे तांब्याच्या ताटात रचलेले, वर दिवा. नवऱ्याला पाटावर बसवलं, वहिनीनं ओवाळलं. पहिला धोंडा ताटात पडला, त्यावर तूप पडलं. भिंतीपलीकडून धाकट्याच्या घरातूनही पुरणाचाच वास येत होता, संध्याकाळची तयारी. मी विचारलं, "आबा कुठायत?"

"हायेत की," दादा म्हणाला. "फाटकापाशी."

"फाटकापाशी म्हणजे?"

"त्या खोलीत. म्हैनाभर तितंच सोय केलीया. सकाळचं ताट आमचं, संध्याकाळचं त्यांचं. सामाईक."

मी उठले. दादा म्हणाला, "आगं जेव की आधी, झोपलं असतील ते."

आबा झोपले नव्हते. ते खाली होते, जमिनीवर, कॉट आणि खताच्या गोण्यांच्या मध्ये, पाठीवर, एक पाय कसातरी दुमडलेला. धोतर ओलं होऊन पुन्हा वाळलं होतं. पाण्याचा तांब्या लांब गडगडत गेला होता. डोळे उघडे होते, आणि मला बघून त्यांच्यात काही बदललं नाही, इतके ते थकले होते. बटण त्यांच्या डाव्या मुठीत होतं. अंगठा अजून त्यावर होता, आणि माझ्यासमोर तो एकदा दाबला गेला. बटणाचा बारीक दिवा लागला. त्यांच्या डोक्यावर, फळीवर, राउटरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. आणि कुठंही काही वाजलं नाही.

मी त्यांच्या अंगठ्यावर अंगठा ठेवून स्वतः दाबलं. पुन्हा दाबलं. दार उघडं होतं, दोन्ही घरांची स्वयंपाकघरं तिथून ऐकू येतात. दादाच्या घरातून ताटांचा आवाज आला, धाकट्याच्या घरातून मिक्सरचा. घंटा नाही. त्या खोलीपासून जावयाच्या पाटापर्यंत मोजून पन्नासेक पावलं असतील नसतील, आणि माझा बाप सकाळपासून तिथे पडून हाका मारत होता. सकाळचं ताट उंबऱ्याच्या आत तसंच होतं, भाकरी वाळून कडक झालेली. कुणीतरी ते ठेवून आत वळून न बघता गेलं होतं. घाई होती ना, धोंड्याची.

मी ओरडले. काय ओरडले ते मला सांगता येणार नाही, नवरा म्हणतो ते सांगण्यासारखंही नव्हतं. तो उष्ट्या हातानं धावत आला. मागून दादा, मग भिंतीच्या त्या बाजूनं धाकटा.

दादा दारात थबकला. "घंटा वाजलीच न्हाय," तो म्हणाला. "वाजली आसती तर आमी आलो नसतो का?"

धाकटा फळीकडे बघत म्हणाला, "नेटवर्कचं कायतरी झालं आसंल. अक्का, तू बघ जरा."

बाप जमिनीवर आहे, आणि हा मला राउटर बघायला सांगतोय. मी त्याला म्हटलं, "आधी पाय धर." त्याला कळलं नाही. "आबांचा पाय धर, उचलायचंय." तेव्हा त्यानं धरला, आणि आबांच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्या सगळ्या महिन्यात त्यांचा सगळ्यात मोठा आवाज असेल. तो दोन्ही घरांत ऐकू गेला.

गाडीत मागच्या सीटवर त्यांना आडवं घातलं, डोकं माझ्या मांडीवर. गाडी सुरू होताना थोरली वहिनी खिडकीशी आली. तिचे डोळे भरले होते, ते खोटे नव्हते. पण हातात अनारशांचा डबा होता. "जावई उपाशी चाललेत," ती म्हणाली, "धोंड्यात असं जाऊ नये, एवढं तरी न्या." नवऱ्यानं डबा घेतला. मी तो भवतालच्या उसात फेकून द्यायला निघाले होते, पण आबांचं डोकं मांडीवर होतं, हात मोकळा नव्हता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. बारामतीला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ पडले होते? मी दोघा भावांकडे बघितलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. इतका अपमान मला आयुष्यात कधी वाटला नाही, आणि तो माझा नव्हताच.

आबांचे कपडे आणि चष्मा आणायला मी एकदा सणसरला गेले, तेव्हा धाकट्याकडून नवा पासवर्ड मागून घेतला आणि त्या खोलीत बसून नियम उघडले. चैत्रापासून ओळी लावलेल्या होत्या. चैत्राच्या तारखा, आबांकडून दादाकडे चालू. वैशाखाच्या तारखा, धाकट्याकडे चालू. मग निज, म्हणजे खऱ्या ज्येष्ठाच्या, पुन्हा दादाकडे. मधले धोंड्याचे दिवस कुणाकडेच नव्हते. आणि सगळ्यात खाली ती ओळ, जी मीच पोरांना शिकवते: बाकी सगळं बंद.

मी त्या केबलवाल्याला फोन लावला, शिव्या तोंडात तयार ठेवून. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, मी दोघांनाबी विचारलं, ह्या जादाच्या म्हैन्याची घंटा कुणाकडं घेऊ. थोरलं म्हणालं त्यांच्याकडं, धाकटं म्हणालं ह्यांच्याकडं. म्हणलं, ठरलं की फोन करा, तवर मोकळं ठेवतो. फोन कुणी केलाच न्हाय." शिव्या मी गिळल्या. त्या त्याच्या नव्हत्या.

दवाखान्यात दोघं भाऊ येत होते. भांडण नव्हतं, उलट फार गोड वागत होते, एकमेकांना डबा देत होते. मला त्या गोडपणाचाही राग यायचा. दादा मला कॉरिडॉरमध्ये म्हणाला, "आता झालं ते झालं. यंत्राचं काय खरं नसतं." मी त्याला म्हटलं, दादा, यंत्रानं अगदी खरं केलं. तुम्ही दोघांनी जे सांगितलं तेवढंच केलं, एक अक्षर कमी-जास्त नाही. भिंत घालून तुम्हाला जे जमलं नव्हतं, ते त्यानं करून दाखवलं. तो म्हणाला, "बघ, चिडलीस." मी म्हटलं, हो.

ऑपरेशननंतर आबा नीट जागे झाले त्या दिवशी त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं पाणी हवं असेल. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. बराच वेळ गेला.

"पाळी," ते म्हणाले, आणि थांबले. "पाळी... कुणाची?"

ज्या माणसानं तो पाळीचा नियम घातला, ज्याला अमावास्या न बघता कळायची, तो भूल उतरल्यावर पहिलं हे विचारत होता. आपण कुठे आहोत हे नाही, पाय आहे का गेला हेही नाही. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

"माझी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, नकारार्थी. लेकीची पाळी नसते, हे त्यांच्या त्या मानेत होतं. मी म्हटलं, "आबा, इंदापूरला मी सही केली ती जमिनीची केली. तुमची नाही केली." यावर त्यांनी डोळे मिटले. भांडायला त्यांच्यात ताकद नव्हती, आणि त्या एका गोष्टीचा मी सरळ फायदा घेतला.

निज ज्येष्ठ लागला त्या सकाळी दादाचा फोन आला. आवाज एकदम साफ, कर्तव्याचा. "आजपासून माझी पाळी चालू झाली," तो म्हणाला. "गाडी घेऊन येतो दुपारी. लोक विचारत्यात, आबा कुठं हायेत म्हणून."

"लोकांना सांग, फाटकापाशी," मी म्हटलं आणि फोन ठेवला. तो आला नाही. आला असता तर बरं वाटलं असतं, मी फाटक उघडलं नसतं तरी.

आता आबा आमच्याकडे आहेत, पुढच्या खोलीत. घंटेची डबी मी ओट्यावर ठेवली आहे. घरात एकच नेटवर्क आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी एका राउटरवर एकही नियम लिहिलेला नाही. माझ्या हाताखालची पोरं हसतात.

घंटा दिवसभर वाजते. पोळी तव्यावर असताना वाजते, मी गिऱ्हाइकाशी फोनवर असताना वाजते, अंघोळीला गेले की हमखास वाजते. सुरुवातीला मी धावत जायची. आता चालत जाते, पण जाते. आबा कॉटवर बसलेले असतात, नीट, पांघरुणात पाय. पाणी भरलेलं असतं, रेडिओ चालू असतो.

"काय पाहिजे आबा?"

मग तो शब्द यायची वाट बघायची. कधी तवा करपतो तोवर. ते बटणाकडे बघतात, मग माझ्याकडे.

"काय न्हाय," ते म्हणतात. "वाजती का बघितलं."